न निघणारे प्लग : ट्रायटन इंजिनांचा मागोवा, १९९७ ते २०१४

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ट्रक म्हटला की डिझेलवर चालणारे मालवाहू वाहन उभे राहते, आणि डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेत असल्यामुळे स्पार्क प्लगला, म्हणजे विजेची ठिणगी पाडून इंधन पेटवणाऱ्या भागाला, तेथे कामच नसते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाही ट्रकच म्हणतात, आणि या वर्गातील बहुतेक हलक्या गाड्या पेट्रोलवर चालत असल्यामुळे तेथील ट्रकच्या देखभालीच्या इतिहासात प्लगचे स्थान मोठे आहे. या इतिहासातील सर्वांत त्रासदायक प्रकरण फोर्ड कंपनीच्या ‘ट्रायटन’ नावाच्या व्ही-८ इंजिनांचे असून, त्याचे वैशिष्ट्य असे की एकाच घराण्यातील एका पिढीच्या इंजिनांतून प्लग आपोआप उडून बाहेर येत, तर पुढच्या पिढीत ते काढू म्हटले तरी निघत नसत.

पहिली पिढी १९९७ सालच्या एफ-१५० पिकअपबरोबर आली. तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा होत्या आणि सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांना वरून झाकणारा ओतीव भाग, ॲल्युमिनियमचा होता. त्या हेडमध्ये प्लगला धरून ठेवायला जेमतेम चारच आटे मिळत, त्यामुळे ते झिजले की ज्वलनाच्या दाबाने प्लग कॉइलसकट, म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागासकट, वर फेकला जाई आणि भोकात नवे आटे बसवण्यासाठी वेगळी धातूची बुशी घालावी लागे. हे दुखणे गंभीर असले तरी त्याचे कारण सरळ होते आणि उपायही.

दुसऱ्या पिढीचे दुखणे अधिक गुंतागुंतीचे ठरले. २००४ च्या नव्या एफ-१५० मध्ये आलेल्या ५.४ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा, म्हणजे दोन आत घेणाऱ्या आणि एक बाहेर सोडणारी, अशी रचना होती आणि इंजिनाची ताकद ३०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली होती. तीन झडपांच्या दाटीत प्लगसाठी विहिरीसारखे खोल आणि अरुंद भोकच शिल्लक राहिले, म्हणून लांब नाकाचा एक खास प्लग घडवण्यात आला, ज्याच्या आट्यांच्या खाली बारीक पोलादी नळी ज्वलनकक्षापर्यंत उतरत असे. ही नळी प्लगच्या अंगाशी एकजीव नव्हती. ती वेगळी घडवून, कडा दाबून जोडलेली होती, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या एका सांध्यात होते. नळी आणि हेडचे भोक यांच्यामधल्या फटीत ज्वलनाची काजळी शिरे, हजारो तासांच्या उष्णतेने कडक होई आणि नळीला चहूबाजूंनी घट्ट धरून बसे. कारागीर वरून पाना फिरवी तेव्हा षट्कोनी डोके आणि आटे फिरत, नळी मात्र जागची हलत नसे, आणि दाबून केलेला सांधा सुटून अर्धा प्लग हातात व अर्धा इंजिनात राही.

या काजळीला एवढा अवधी मिळाला, त्यामागे एक मोठा बदल होता आणि तो एरवी स्वागतार्हच होता. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात प्लग दहा-पंधरा हजार मैलांवर काढून साफ करावा किंवा बदलावा लागे, त्यामुळे त्याला भोकात रुळायला वेळच मिळत नसे. शिसे गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, प्लगच्या टोकांना प्लॅटिनम लागले आणि बदलण्याचे अंतर १,००,००० मैलांवर, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटरवर गेले. जो भाग वर्षानुवर्षे उघडायचा नाही तो उघडताना कसा वागेल, याचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हायला हवा होता. तो पुरेसा झाला नाही, हे मान्य करावेच लागते, आणि म्हणून पहिली काही वर्षे प्लग मोडल्याचा दोष पाना धरणाऱ्या हातांना लागला तो अन्यायाचा होता.

प्लग काढावा कसा, याविषयी कारागिरांत दोन मते पडली. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, तेव्हा इंजिन गरम असताना भोक सैल होते आणि प्लग त्याच वेळी काढावा, असे एक मत होते. या तर्कात प्रसरणाचा हिशेब बरोबर असला तरी गरम ॲल्युमिनियम मऊ पडून त्याचे आटे प्लगबरोबर खरवडून येतात, ही बाजू त्यात सुटते. कंपनीने २००८ मध्ये ०८-७-६ या क्रमांकाच्या तांत्रिक सूचनेत थंड इंजिनाचा पक्ष घेतला आणि काढण्याची रीत क्रमाने लिहून दिली.

ती रीत वाचताना जाणवते की तिच्यात जोरापेक्षा थांबण्याला अधिक महत्त्व आहे. कॉइल उचलून विहिरीतली धूळ हवेच्या झोताने उडवायची, मग प्लग फक्त एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश फेरा सैल करायचा, आणि षट्कोनी डोके जेमतेम बुडेल इतके कार्ब्युरेटर क्लीनर विहिरीत सोडायचे. त्याहून जास्त नाही, कारण सिलिंडरमध्ये साठलेला द्रव दाबला जात नाही आणि इंजिन फिरवताच आतले भाग वाकू शकतात. त्यानंतर किमान पंधरा मिनिटे प्लगला हातही लावायचा नाही. या वेळात द्रव आट्यांमधून झिरपत नळीपर्यंत उतरतो आणि काजळी मऊ करतो. मग प्लग पुन्हा आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. या वेळी विहिरीतून कर्कश किरकिर ऐकू येते, आणि जोर कमी होत नसेल तर पुन्हा द्रव घालून हेच करायचे. अपेक्षित पीळ सुमारे ४५ न्यूटन-मीटरचा, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेचार किलो वजन टांगल्याइतका, आणि हवेवर चालणारा धक्क्याचा पाना पूर्णपणे वर्ज्य. आठ प्लगांसाठी हे आठ वेळा करायचे असल्यामुळे तासांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या गॅरेजमध्ये घाई करण्याचा मोह किती मोठा असेल, हे समजणे अवघड नाही.

इतके करूनही नळी आत राहिली तर खरी कसोटी लागे, कारण नळीच्या पोटात चिनीमातीचा विद्युतरोधक अडकलेला असे आणि त्याचा तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनवर आणि भिंतीवर ओरखडे उठत. आयोवा राज्यातील क्लॅरिंडा या गावच्या लाइल कंपनीने यासाठी जे हत्यार काढले त्याची युक्ती मोठी सुबक आहे : प्रथम एका दांड्याने चिनीमातीचा गाभा नळीतच थोडा खाली ढकलायचा, मग मोकळ्या झालेल्या वरच्या भागात नळीच्या आतून आटे पाडत हत्याराचे टोक रुतवायचे, आणि वरची नट फिरवत नळी हळूहळू सरळ वर ओढून घ्यायची. हेड न उतरवता निभावण्याचा मार्ग त्यामुळे सामान्य गॅरेजच्या आवाक्यात आला.

दरम्यान कंपनीने २००७ च्या अखेरीस हेडचा आणि प्लगचा आराखडा बदलला आणि पुढील इंजिनांत एकसंध प्लग आला. आधीच विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मालकांचे दावे २०१२ पासून ओहायोतील फेडरल न्यायालयात एकत्र चालले आणि पुढे तडजोडीने मिटले. ५.४ लिटर इंजिन एफ-१५० मधून २०१० नंतर गेले, एक्स्पिडिशन आणि लिंकन नेव्हिगेटर या गाड्यांत ते २०१४ पर्यंत टिकले.

जुन्या हेडसाठी बाहेरच्या कंपन्यांनीही एकसंध प्लग काढले आणि मूळ प्लग एकदाचे निघाल्यावर अनेक मालकांनी तेच बसवले. मूळ बनावटीचा प्लग पुन्हा बसवायचा तर सूचनेनुसार निकेलयुक्त अँटी-सीझ, म्हणजे एक धातू दुसऱ्याला धरून बसू नये म्हणून लावायचे उष्णतारोधी वंगण, नळीच्या बाहेरच्या अंगावर पातळ लावायचे आणि टोकाच्या इलेक्ट्रोडला लागू द्यायचे नाही. आट्यांना ते फासले तर घर्षण कमी होऊन टॉर्क पाना, म्हणजे पीळ मोजणारा पाना, सांगतो त्याहून प्लग अधिक आवळला जातो. आवळण्याचा पीळ ३४ न्यूटन-मीटर.