कुळथाला ओळखू येणारं रक्त

खर्डीच्या शाळेच्या पडवीत रक्तदान शिबिर चाललंय. कसाऱ्याची लोकल धडधडत जाते, पण तंत्रज्ञ बाई मान वर करत नाहीत. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब. एकात निळं द्रावण, दुसऱ्यात पिवळं. काडीने ढवळून त्या टाइल डोलवतात. निळ्यातला थेंब बघता बघता रवाळ होतो, पिवळ्यातला तसाच गुळगुळीत. ‘‘ए गट आहे तुझा,’’ समोरच्या पोराला त्या सांगतात.

‘‘ए वन की ए टू?’’ मी मध्येच तोंड घालतो.

‘‘ते रक्तपेढीत. लेक्टिन लावलं की कळतं.’’

लेक्टिन म्हणजे साखर ओळखून तिला धरणारं प्रथिन, आणि पेढीतलं हे लेक्टिन निघतं चक्क कुळथातून. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्याची नोंद केली. तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. ए गटात त्यांच्या टोकाला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन. कुळथाचं प्रथिन नेमकं तेच पकडतं, तेही एकाच वेळी दोन पेशींवरचं, म्हणून गुठळी. ए वन पेशींवर ही टोकं जास्त. अर्क बेताने पातळ केला की त्याच गोळा होतात, ए टू सुट्या राहतात.

फाटकाशी एक आजी कुळीथ विकायला बसल्यात. त्यांना हे सांगतो. त्या माझ्याकडे नीट बघून घेतात.

‘‘दाण्याला रक्त कळतं?’’

‘‘साखर कळते. तुमच्या-माझ्या पेशीतसुद्धा अशी प्रथिनं आहेत.’’

गॅलेक्टिन-३ हे त्यातलं माझं आवडतं. ते पेशीच्या द्रवात मोकळं फिरतं. पेशीतल्या इवल्या पिशव्यांच्या अस्तराला साखर असते, पण आतल्या बाजूने, म्हणून एरवी ती त्याला दिसतच नाही. गिळलेल्या जंतूने पिशवी फाडली की साखर उघडी पडते, आजींच्या उसवलेल्या गोणीतून दाणे दिसताहेत तशी. गॅलेक्टिन तिथे जाऊन चिकटतं आणि दुरुस्तीची, नाहीतर सफाईची यंत्रणा त्या जागी जमू लागते. हेच प्रथिन पेशीबाहेर पडलं तर दाह वाढवतं, हृदयात तंतुमय ऊती साठायला हातभार लावतं. सरसकट गुणी म्हणता येत नाही.

आजींची शंका वेगळीच. ‘‘मग पिठलं खाल्लं तर रक्त गोठंल का रं?’’

‘‘नीट शिजलं की ते प्रथिन मोडतं, आजी.’’

‘‘कच्चं कोन खातंय?’’ म्हणत त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.