धातुशोधकाचे खोटे संकेत

इ. स. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातुशोधक यंत्र वापरले. यंत्र उजव्या बाजूस ध्वनी देत राहिले. गोळी मात्र डावीकडे होती. गादीतील पोलादी तारांनी दिशाभूल केली असावी, असे सामान्यतः मानले जाते.

म्हणून नवशिक्याने ध्वनी येताच खणू नये. प्रथम यंत्राचे वेटोळे हवेत धरावे. तेथेही ते वाजल्यास जवळच्या किल्ल्या, सैल जोडणी, विजेच्या तारा तपासाव्यात. केवळ जमिनीवर वाजल्यास लोहयुक्त मातीचा संशय घेऊन यंत्राची संवेदनक्षमता कमी करावी. वेटोळे आडवे-उभे फिरविल्यावरही एकाच जागी पुनःपुन्हा येणारा संकेतच विश्वसनीय होय.