घरचा लिनक्स दुरून उघडत नाही तेव्हा

मागच्या भागात आपण घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप बसवला. आज बोलायचंय ते तो चालत नाही त्या दिवसाबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जणांची नोकरी एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात आहे. माझंच बघा, मी बेंगळुरूला आणि आई-बाबा इंदूरला. घरी टेबलाखाली माझा जुना डेस्कटॉप आहे. त्यावर उबुंटू २२.०४ आणि दुरून जोडण्यासाठी एक्सआरडीपी. घरातले सगळे कागद स्कॅन करून मी त्यातच ठेवलेत.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. धाकटा भाऊ सोबत होता. डॉक्टरांना जुना अँजिओग्राफीचा रिपोर्ट हवा होता आणि मूळ फाईल कपाटात सापडेना. भावाचा फोन आला, "दादा, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना? लवकर पाठव." मी रिमोट डेस्कटॉप उघडला. थोडा वेळ गोल फिरलं आणि संदेश आला, कनेक्शन टाइम्ड आउट.

पुढचा अर्धा तास मी काय केलं? अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफाय सोडून मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. काही उपयोग झाला नाही, कारण बिघाड माझ्याकडे नव्हताच. आणि हे तो संदेश पहिल्यापासून सांगत होता. मी वाचला नव्हता, एवढंच.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही: काहीही दुरुस्त करायच्या आधी संदेश वाचा आणि गाडी कुठल्या स्टेशनावर अडली आहे ते ओळखा.

टाइम्ड आउट म्हणजे आपण हाक मारली आणि पलीकडून ओ आलीच नाही. कॉम्प्युटर बंद असेल, झोपलेला असेल, घरचं इंटरनेट गेलं असेल, पत्ता बदलला असेल, नाहीतर फायरवॉल आपली हाक मुकाट्याने टाकून देत असेल.

कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे ओ आली, पण नकाराची. ही बातमी खरं तर चांगली आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की नेटवर्क ठीक आहे, मशीन चालू आहे, पण ज्या पोर्टवर आपण दार वाजवतोय तिथे ऐकणारा प्रोग्राम नाही. आरडीपीचा नेहमीचा पोर्ट ३३८९, व्हीएनसीचा ५९००. एक्सआरडीपी बंद पडलंय का, किंवा ते दुसऱ्याच पोर्टवर बसलंय का, ते बघा. ३३८९ वर दोन प्रोग्राम हक्क सांगत असतील तर एकच चालतो. एक्सआरडीपी आणि उबुंटूचं स्वतःचं डेस्कटॉप शेअरिंग दोन्ही चालू केलं की हे भांडण हमखास होतं.

पासवर्ड घेतला आणि मग नुसता काळा पडदा आला, तर नेटवर्क, पोर्ट, पासवर्ड सगळं बरोबर आहे. अडलंय ते अगदी शेवटी, डेस्कटॉपचं सत्र सुरू होताना. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालू नका.

आता माझ्याकडे येऊ. टाइम्ड आउट, म्हणजे पहिलं स्टेशन. मी आईला फोन लावला.

"आई, टेबलाखालच्या डब्याचा दिवा लागलाय का गं?"

"नाही रे. दुपारी लाइट गेली होती. आल्यावर ते वायफायचं आपोआप लागलं, तुझा डबा नाही लागला."

एवढंच होतं! वीज परत आली की राउटर आपोआप चालू होतो, डेस्कटॉप बहुधा होत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं. मी ते कधी लावलंच नव्हतं. आईने बटण दाबलं. दोन मिनिटांनी मी पुन्हा जोडलं. लॉगिनची खिडकी आली, पासवर्ड घेतला, आणि काळा पडदा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिकडे भावाचा दुसरा फोन.

आईला विचारलं, "तू काही केलंस का?" ती म्हणाली, "पासवर्ड मागत होता, तर तू चिकटवलेल्या कागदावरून बघून टाकला. तुझं सगळं उघडून ठेवलंय."

बिचारीने मदतच केली होती. पण उबुंटूवर एकाच नावाने समोर बसून लॉगिन असेल आणि त्याच नावाने एक्सआरडीपीतून दुसरं सत्र मागितलं, तर फार वेळा असा काळा पडदा मिळतो. समोरचं सत्र लॉग आउट केलं की प्रश्न सुटतो. आईला वरच्या उजव्या कोपऱ्यातून लॉग आउट करायला सांगणारच होतो, तेवढ्यात लक्षात आलं की मला डेस्कटॉप नकोच आहे. मला एक फाईल हवी आहे.

मशीनवर एसएसएच चालू होतं. त्याला डेस्कटॉपशी काही देणंघेणं नसतं, पडदा काळा असो की निळा. फाईल मॅनेजरमध्ये एसएफटीपीचा पत्ता टाकला, फोल्डर उघडलं, रिपोर्ट ओढून घेतला आणि भावाला पाठवला. दोन मिनिटांचं काम. बाबा आठवड्याने घरी आले.

म्हणून रिमोट डेस्कटॉपच्या जोडीला एसएसएच ठेवाच, पासवर्डऐवजी की वापरून. पुढच्या जिन्याला कुलूप लागलं तर मागचा जिना हवा. त्यातूनच एक्सआरडीपी पुन्हा चालू करता येतं, त्याचे लॉग वाचता येतात, ३३८९ वर कोण बसलंय ते बघता येतं.

बरेच जण एक्सआरडीपी न घालता उबुंटूच्या सेटिंगमधलं डेस्कटॉप शेअरिंग वापरतात. २२.०४ मध्ये ते तुमचंच उघडं सत्र दाखवतं. म्हणजे घरी कोणी लॉगिन केलेलं नसेल, तर दाखवायला काहीच नाही. मग लोक आपोआप लॉगिन चालू करतात आणि नव्या अडचणीत पडतात. पासवर्ड न टाकता आत गेल्यामुळे कीरिंग बंद राहते आणि शेअरिंगचा पासवर्ड त्या कीरिंगमध्येच असतो. २४.०४ पासून दुरून लॉगिन करण्याची वेगळी सोय आली आहे. शक्य असेल तर ती वापरा.

आता राउटर. अनेकांचं पोर्ट फॉरवर्डिंग सगळं नीट करूनही चालत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या तुमच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे फॉरवर्डिंग कितीही करा, हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. आणि खरा पत्ता मिळाला तरी ३३८९ उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि पासवर्ड ओळखून बघतात. मी टेलस्केल वापरतो. वायरगार्डही चालेल, पण त्याला एका टोकाला तरी सार्वजनिक पत्ता लागतो.

तेव्हा दिवाळीला घरी जाल तेव्हा परत निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा. बायोसमधलं वीज आल्यावर चालू व्हायचं सेटिंग लावा. कॉम्प्युटर आपोआप झोपायचं बंद करा. एसएसएच चालू करा. मग मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावरून जोडून बघा. घरच्याच वायफायवरून जोडून ‘चालतंय’ म्हणणं ही चाचणी नव्हे. शेवटी मुख्य प्लग काढून पुन्हा लावा आणि कशालाही हात न लावता पुन्हा जोडा. जोडलं गेलं, तर निश्चिंतपणे गाडी पकडा.

माझ्या त्या डब्यावर आता पासवर्डचा कागद नाही. आईसाठी मी वेगळं खातं करून दिलंय आणि नवा कागद चिकटवलाय: "दिवा नसेल तर गोल बटण दाब. बाकी मी बघतो."

भेटू पुढच्या भागात.