खूण आणि वस्तु

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली हें गांव देशाला ठाऊक झालें तें एका आंकड्यामुळें. आधार क्रमांक देण्यास तेथें २९ सप्टेंबर २०१० रोजीं आरंभ झाला. हा क्रमांक बारा अंकी. परंतु त्यांत माणसाचें वय, जात वा गांव यांपैकीं कांहींच गोंवलेलें नाहीं. उद्यां त्यानें बिऱ्हाड हलविलें तर दप्तरांतील नोंद बदलते, क्रमांक तोच राहतो. खूण निराळी व खुणेमागचा तपशील निराळा, हें तत्त्व संगणकाच्या भाषा रचणारांनाही पाळावें लागतें. न पाळल्यास काय होतें तें आज पाहूं.

संगणकाला केवळ यंत्राची बोली कळते. इतर भाषेंतील मजकूर त्याच्याकडून करवून घेण्यास मध्यें दुभाष्या लागतो. युकिहिरो मात्सुमोतो यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रूबी भाषेचा मूळ दुभाष्या सी भाषेंत लिहिलेला आहे. संख्या, अक्षरमाला, यादी, सारें कांहीं त्याच्या लेखीं 'वस्तु' असतें आणि प्रत्येक वस्तूला एक खूण असते. बहुधा ही खूण म्हणजे स्मृतींतील जागेचा पत्ता. पण लहान पूर्णांक खुद्द खुणेंतच मावतो, आणि तें ओळखतां यावें म्हणून तिचा शेवटचा बिट १ ठेवतात. खुणेला सरसकट पत्ता समजणाराची येथें फसगत होते.

अक्षरमालेची हकीकत याहून बोधप्रद आहे. रूबीच्या १.८ आवृत्तींत तिची लांबी आणि अक्षरें जेथें ठेविलीं तो पत्ता, या नोंदी वस्तूच्या खणांत असत. सी भाषेंत जोड-प्रोग्रॅम लिहिणारे कित्येकजण त्या खणांत थेट हात घालीत. डिसेंबर २००७ मध्यें १.९ आवृत्ति आली. तींत ६४ बिटी यंत्रावर २३ बाइटपर्यंतची अक्षरमाला खणांतच राहूं लागली. निराळी जागा मागण्याचा खर्च वांचला. परंतु खणाची मांडणी बदलली आणि हात घालणारे प्रोग्रॅम दुरुस्तीवांचून चालेनात. 'अक्षरें कोठें आहेत?' असें नेमून दिलेल्या मॅक्रोकडून ज्यांनीं विचारून घेतलें होतें, त्यांना या बदलाची झळ लागली नाहीं.

कोणी म्हणेल, वारंवार विचारण्यांत वेळ जात नाहीं काय? सी भाषेंत मॅक्रो जागच्या जागीं उलगडला जातो, त्यामुळें तो खर्च नगण्य असतो. खरा खर्च उशिराचा. दार एकदां सताड उघडें राहिलें कीं आंत वावरणारे वाढतात, आणि मग तें लावणें कठीण होतें. म्हणून नवा दुभाष्या रचणारानें वस्तूची मांडणी पहिल्याच दिवशीं एका फाइलींत बंद करावी. इतरांच्या हातीं केवळ खूण व विचारण्याचीं नांवें द्यावीं.