धापेचा वेगळा टेक

न्यूयॉर्कच्या इमारतींमधून जाळ्याला लोंबकळत झेपावणारा पीटर पार्कर कुणाशी तरी बोलतोय. दम लागलेला, शब्द तुटक. खेळणाऱ्याने त्याला मध्येच एखाद्या गच्चीवर उभं केलं, की तेच बोलणं निवांत सुरात पुढे चालू राहतं. इन्सॉम्नियाक कंपनीच्या २०१८ मधल्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या व्हिडिओ गेमची ही करामत. पीटरला आवाज देणाऱ्या युरी लोवेंथलकडून बरेच संवाद दोनदा रेकॉर्ड करून घेतले: एकदा शांतपणे, एकदा अंगमेहनत चालू असल्यासारखे. पीटर काय करतोय ते पाहून गेम योग्य टेक वाजवतो, गरज पडली तर अधूनमधून एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

सिनेमाच्या डबिंगमध्ये ही भानगड नाही. पडद्यावरचा माणूस कधी पळणार हे आधीच ठरलेलं. इथे ते खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर. आणि नुसता आवाज चढवून धाप येत नाही. श्वास कुठे तुटतो, कुठला शब्द गिळला जातो, हे नटानेच करावं लागतं.

दुसरी अडचण बोलणं अर्धवट राहण्याची. त्याच वर्षीच्या ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममध्ये नायक क्रेटोसच्या कमरेला लटकलेलं, मिमिर नावाच्या पात्राचं बोलकं मुंडकं होडीतून जाताना पुराणकथा सांगतं. होडी किनाऱ्याला लागली की कथा थांबते, पुन्हा होडीत बसलं की तिथूनच पुढे. (असे मध्येच उठून जाणारे श्रोते आपल्या कीर्तनकारांनी खपवून घेतले नसते!) पण हे सहज वाटावं म्हणून थांबण्याची आणि धागा पुन्हा उचलण्याची वाक्यंही रेकॉर्ड करून ठेवावी लागतात.