रक्तदाब समजून घेताना (लेखांक ६) : तीन गोळ्या घेऊनही

गोळ्यांचे प्रमुख गट गेल्या आठवड्यात पाहिले. पण वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं पुरेशा मात्रेत चालू आहेत, त्यांतलं एक लघवी वाढवणारं आहे, आणि तरीही दाब ठरवलेल्या मर्यादेच्या वरच राहतो, असे रुग्ण कमी नाहीत. अशा वेळी चौथी गोळी लिहून देणं सोपं असतं. माझा आग्रह असा, की आधी कारण शोधावं.

पहिली शंका आकड्यावरच घ्यावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटाच वाढलेला दिसतो. जिना चढून आल्या आल्या किंवा बोलता बोलता मोजला तरी तेच. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिलेले आकडे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

दुसरी शंका गोळ्या खरंच पोटात जातात का, ही. लांबचा एसटी प्रवास असला की लघवीची गोळी टाळली जाते. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि माणूस गुपचूप गोळी सोडतो. हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं. त्यांनीही न रागावता ऐकावं, कारण पर्यायी औषधं असतात.

गुडघ्यांसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दाब वाढवते. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्याही वाढवतात. खोकल्यासाठी चघळलेलं जेष्ठमध निरुपद्रवी वाटतं, पण नेमानं आणि भरपूर घेतलं तर तेही दाब चढवतं. मिठाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते; पापड, लोणचं आणि ठेचा मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. सैंधव घेतलं तरी ते मीठच. अलाबामात २००९ साली अशाच हट्टी रक्तदाबाच्या बारा रुग्णांना आठवडाभर अगदी कमी मिठाचा आहार दिला. भरपूर मिठाच्या आठवड्यापेक्षा त्यांचा वरचा दाब सरासरी सुमारे २३ अंकांनी कमी भरला. अभ्यास लहान होता, पण एका गोळीनं क्वचितच एवढी घट होते.

आता सगळ्यात दुर्लक्षित कारण. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारं अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. ते गरजेपेक्षा जास्त झालं की नेहमीची औषधं अपुरी पडतात. मिशिगनचे डॉक्टर जेरोम कॉन यांनी हा आजार १९५५ साली मांडला. त्यांच्या रुग्ण स्त्रीचा दाब वाढलेला होता, स्नायू दुर्बळ झाले होते आणि रक्तात पोटॅशियम कमी होतं; ग्रंथीवरची गाठ काढल्यावर ती बरी झाली. पण पुष्कळ रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच येतं, आणि तिथेच निदान निसटतं. म्हणून हट्टी दाबाच्या प्रत्येक रुग्णाची अल्डोस्टेरॉन आणि रेनिन ही रक्ततपासणी एकदा तरी व्हावी. एकाच ग्रंथीत दोष असला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दोन्हींत असला तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध.

कारण सापडलं नाही तरी चौथं औषध म्हणून बहुधा हेच निवडतात. ब्रिटनमधल्या ‘पाथवे-२’ चाचणीत (२०१५) ते बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिनपेक्षा सरस ठरलं. त्यानं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये आणि पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना न विचारता सोबत घेऊ नये.

जोरात घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडतो का, हे त्याच्या जोडीदाराला विचारावं. तरुण मुलीचा दाब वाढलेला असेल तर दोन्ही हातांच्या नाड्या तपासाव्यात. धमन्यांच्या ताकायासू आजारात त्या असमान लागतात.

मूत्रपिंडाच्या धमनीभोवतालच्या नसा कॅथेटरनं निष्क्रिय करण्याच्या उपचाराची हल्ली चर्चा आहे. २०१४ च्या मोठ्या चाचणीत तो लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरला नाही. सुधारित उपकरणांना अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण घट थोड्याच अंकांची होते आणि गोळ्या बहुधा सुटत नाहीत. वरचे सगळे शोध संपल्याशिवाय या खर्चात कुणी पडू नये.

पुढच्या आठवड्यात गरोदरपणातला रक्तदाब.