सापडलेल्या नाण्याचे मूल्यनिर्धारण

मेटल डिटेक्टर अर्थात धातुशोधक यंत्राने शोध घेताना जमिनीत मिळालेल्या जुन्या नाण्याची किंमत ठरवण्याच्या प्रक्रियेला सापडलेल्या नाण्याचे मूल्यनिर्धारण असे म्हणता येईल. नाणकशास्त्र, धातुपरीक्षा, लिलावाचा बाजार आणि पुरातन वस्तूंविषयीचे कायदे या चारही गोष्टींशी तिचा संबंध येतो. धातुशोधनाचा छंद ब्रिटनमध्ये विशेष रुजला असून इंग्लंड व वेल्समध्ये अशा नाण्यांची नोंद, मूल्यांकन आणि मोबदला यांची कायदेशीर व्यवस्था आहे. भारतात जुनी नाणी बहुधा नांगरट करताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना सापडतात. मूल्यनिर्धारणाचे प्रश्न मात्र तेच राहतात. संग्राहकाच्या पेटीतून आलेल्या नाण्यापेक्षा जमिनीतून निघालेले नाणे एका बाबतीत वेगळे असते. ते कोठे, किती खोलीवर आणि कशासोबत सापडले ही माहिती त्याच्या मूल्याचाच भाग असते, आणि ती एकदा गमावली की परत मिळत नाही.

मूल्याचे प्रकार

एकाच नाण्याला एकाच वेळी अनेक मूल्ये असतात. नाणे पाडणाऱ्या सत्तेने ठरवलेले ते दर्शनी मूल्य. नाणे वितळवल्यास हाती येणाऱ्या सोन्या-चांदीची किंमत ते धातुमूल्य. खुल्या बाजारात जाणकार ग्राहक देण्यास तयार असतो ते बाजारमूल्य. आणि नाण्यामुळे इतिहासाच्या ज्ञानात पडणारी भर हे त्याचे अभ्यासमूल्य. या मूल्यांमध्ये किती अंतर पडू शकते याचे ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये आढळते.

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२५७ साली शुद्ध सोन्याची पेनी पाडली. तिचे वजन जेमतेम तीन ग्रॅम आणि दर्शनी मूल्य चांदीच्या २० पेन्यांइतके होते. हे नाणे चलनात रुजले नाही व बहुतेक नाणी वितळवली गेली. आज केवळ आठच्या आसपास नमुने ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२१ साली डेव्हन परगण्यातील हेमियॉक येथील शेतात एका छांदिष्टाला धातुशोधकाने सापडले. जानेवारी २०२२ मधील लिलावात त्यावर ५,४०,००० पौंडांची अंतिम बोली लागली आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क धरून ग्राहकाने ६,४८,००० पौंड मोजले. त्या दिवशीच्या भावाने त्यातील सोन्याचे दीडशे पौंडही झाले नसते.

नाण्याची ओळख

किंमत सांगण्यापूर्वी नाणे कोणाचे, कोणत्या टांकसाळीचे व कोणत्या काळातील आहे हे ठरवावे लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, शतांश ग्रॅमपर्यंतचे वजन, व्यास, जाडी आणि कडेचे वर्णन एवढी माहिती लागते. तिरप्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरेही पुष्कळदा उमटतात. हाताने ठसा मारून पाडलेल्या नाण्यांवर मजकूर अर्धवट उमटलेला असतो, म्हणून तज्ज्ञ ठशाच्या उरलेल्या भागाची तुलना प्रकाशित सूचींतील पूर्ण नमुन्यांशी करतात. नाण्यावरील वर्षावरही पूर्ण विसंबता येत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचा, १८६२ साल असलेला रुपया त्यानंतरही अनेक वर्षे त्याच सालाने पाडला जात होता. त्यामुळे तो सहज आढळतो.

धातूची परीक्षा नाण्याला ओरखडा न काढता करता येते. नाणे हवेत आणि नंतर दोऱ्याने टांगून पाण्यात तोलतात; हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. ११.६६ ग्रॅमचा ब्रिटिशकालीन रुपया पाण्यात सुमारे १०.५३ ग्रॅम भरला, तर फरक १.१३ आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.३ येते. शुद्ध चांदीचे १०.५ व तांब्याचे सुमारे ८.९ असल्याने हे नाणे अकरा भाग चांदी व एक भाग तांबे या प्रमाणाशी जुळते. अशा रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, आणि तिची त्या दिवशीची किंमत ही त्या नाण्याच्या मूल्याची खालची मर्यादा होय. सराफाच्या कसोटीच्या दगडावर घासून कस पाहण्याची पद्धत दागिन्यांसाठी ठीक आहे. जुन्या नाण्याला ती लावू नये.

वय, दुर्मीळता आणि मागणी

नाणे जितके जुने तितके महाग, हा समज व्यवहारात टिकत नाही. रोमन साम्राज्याची तिसऱ्या-चौथ्या शतकातील हलक्या धातूची नाणी दीड हजार वर्षांहून जुनी असूनही इतक्या मोठ्या संख्येने मिळतात, की त्यांतील सामान्य नमुना काही पौंडांतच विकला जातो. महाराष्ट्रात शिवराईचे उदाहरण देता येईल. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले आणि पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक ठिकाणी पाडले जात राहिले. त्यामुळे हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतील नसते आणि सामान्य शिवराईला फार मोठी किंमतही येत नाही. अक्षरांची वळणे व मांडणी पाहून तिचा काळ ठरवणे हे जाणकाराचे काम आहे. याउलट महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ असून त्याची किंमत वजनावरून काढणे निरर्थक ठरते.

दुर्मीळतेला मागणीची जोड नसेल तर किंमत चढत नाही. जगात चार-पाचच नमुने असलेले, पण फारसे संग्राहक नसलेल्या एखाद्या छोट्या सत्तेचे नाणे, हजारो नमुने असलेल्या लोकप्रिय नाण्यापेक्षा स्वस्त असू शकते. कधी कधी नाण्यामागची गोष्टच मागणी वाढवते. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने बराचसा साठा परत घेऊन वितळवण्यात आला. संग्राहकांत हा रुपया आजही त्याच प्राण्याच्या नावाने ओळखला जातो आणि शेजारच्या सालांच्या रुपयांपेक्षा जास्त किमतीला जातो.

अवस्था आणि साफसफाई

एकाच प्रकारच्या दोन नाण्यांच्या किमतीत अवस्थेमुळे दहा पटींचाही फरक पडू शकतो. ब्रिटिश बाजारात फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन अशा श्रेणी प्रचलित आहेत, तर अमेरिकेत विल्यम शेल्डन यांच्या १९४९ सालच्या मांडणीवर आधारलेले १ ते ७० अंकांचे मोजमाप वापरले जाते. जमिनीतील नाण्यांना ही मापे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. चलनात फारशी न झिजलेली नाणीही मातीतील क्षारांनी खाल्लेली, नांगराच्या फाळाने वाकलेली किंवा खतांमुळे खवलेली असतात. सोने मातीत जवळजवळ जसेच्या तसे राहते. चांदीवर काळसर थर येतो व ती ठिसूळ होऊ शकते. तांबे व कांसे यांवर हिरवट थर धरतो. तो थर गुळगुळीत व एकसंध असेल तर नाण्याचे रक्षणच करतो आणि संग्राहक त्याला पसंती देतात. फिकट हिरवी, भुकटीसारखी गळणारी बुरशी दिसली तर मात्र ते क्लोराइडमुळे चालू असलेल्या झिजेचे लक्षण असते आणि नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून संवर्धकाला दाखवावे लागते.

नाण्याचे सर्वाधिक नुकसान सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात होते. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन किंवा तारेचा ब्रश यांनी घासलेले नाणे चमकते खरे. पण त्याचा मूळ पृष्ठभाग गेलेला असतो आणि तज्ज्ञाला हे लगेच कळते. देवघरातील तांब्याच्या भांड्यांना जी चमक शोभते तीच नाण्याची किंमत निम्म्यावर आणू शकते. सैल माती साध्या स्वच्छ पाण्याने काढावी, नाणे न घासता सुकवावे आणि कागदी पाकिटात ठेवून त्यावर जागा, तारीख व खोली लिहावी. याहून अधिक काही करू नये.

बाजारमूल्य कसे काढतात

मूल्यांकनाचा पाया म्हणजे त्याच प्रकारच्या व तशाच अवस्थेच्या नाण्यांना अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या किमती. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. लाखाची मागणी कोणीही करू शकतो. सूचिग्रंथांतील किमतीही बहुधा दुकानदाराच्या विक्रीच्या असतात, व नाणे विकायला जाणाऱ्याला त्यापेक्षा बरेच कमी मिळते. लिलावात अंतिम बोलीवर ग्राहकाकडून शुल्क आणि विक्रेत्याकडून दलाली घेतली जात असल्याने ग्राहकाने मोजलेली व विक्रेत्याच्या हाती पडलेली रक्कम यांत मोठी तफावत असते. तुलनेसाठी दोन-तीन विक्रींचे दाखले असतील तर अंदाज एका आकड्याऐवजी खालच्या-वरच्या मर्यादेत सांगणे योग्य ठरते.

इंग्लंड व वेल्समधील पद्धत

१९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडल्यास ती निधी मानली जातात. हलक्या धातूच्या नाण्यांसाठी ही संख्या दहा आहे. सापडणाऱ्याने १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. एखादे संग्रहालय निधी घेऊ इच्छित असेल, तर स्वतंत्र मूल्यांकन समिती खुल्या बाजारातील किंमत ठरवते आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांना निम्मी-निम्मी दिली जाते. सुटे नाणे सहसा या कायद्याखाली येत नाही. म्हणूनच तिसऱ्या हेन्रीची पेनी लिलावात जाऊ शकली. अशा सुट्या वस्तूंची ऐच्छिक नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत होते.

नोंदीने काय साधते हे सॉमरसेट परगण्यातील फ्रोम येथे दिसले. २०१० साली एका शोधकाला मातीच्या मोठ्या घड्यात रोमन नाणी लागली. त्याने घडा उपसण्याऐवजी खोदकाम थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी तो थराथराने रिकामा केला व ५२,५०३ नाणी निघाली. सर्वांत उशिराच्या काळातील कॅरॉशियस या शासकाची बरीच नाणी वर नव्हे, तर घड्यात खोलवर होती. म्हणजे घडा वर्षानुवर्षे थोडाथोडा न भरता एकाच वेळी भरला गेला असावा. घाईने उपसलेल्या घड्यातून हा निष्कर्ष कधीच निघाला नसता. या निधीचे मूल्य ३,२०,२५० पौंड ठरले, म्हणजे सरासरी एका नाण्याला सहा पौंड.

याच्या अगदी उलट प्रकार २०१५ साली हेरफर्डशर परगण्यात लेमिन्स्टरजवळ घडला. दोन शोधकांनी नवव्या शतकातील नाणी व दागिने लपवून ती गुपचूप विकण्याचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज असून त्यांपैकी तीसच्या आसपासच परत मिळाली. मिळालेल्यांपैकी काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ या दोन राजांचे समान नाणे-प्रकार आहेत. नंतरच्या वृत्तलेखकांनी केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचे बाहुले ठरवले होते. ही नाणी मात्र दोघांच्या सहकार्याकडे बोट दाखवतात. उरलेल्या नाण्यांनी आणखी काय सांगितले असते हा प्रश्न अनुत्तरित आहे.

भारतातील कायदा

भारतात १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू त्यात निधी ठरते, आणि तिचे मोल दहा रुपयांपेक्षा अधिक असल्यास ती कळवणे बंधनकारक असते. त्या काळचे दहा रुपये आजही कायद्यात तसेच असल्याने जवळजवळ प्रत्येक सोन्या-चांदीचे नाणे या अटीत बसते. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते. कोणी मालक पुढे आला नाही व दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा असतो. माहिती दडवल्यास सापडणारा आपला वाटा गमावतो व शिक्षेसही पात्र होतो.

मूल्यनिर्धारणाच्या दृष्टीने या कायद्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सरकारने निधी स्वतःकडे घ्यायचे ठरवल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे येथे आधार बाजारमूल्याचा नसून धातुमूल्याचा आहे. तांब्याच्या दुर्मीळ नाण्याला या हिशेबाने नाममात्र रक्कम मिळते आणि प्रामाणिकपणे कळवण्याचे आकर्षण कमी होते, ही या जुन्या कायद्याची उघड उणीव म्हणावी लागेल. याखेरीज १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीशिवाय उत्खनन करण्यास मनाई आहे.

धातुमूल्य आणि अभ्यासमूल्य यांतील अंतराचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती; पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचे राज्य जिंकल्याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. एकेक नाणे सुटे होऊन बाजारात गेले असते, तर ठसा असलेल्या व नसलेल्या नाण्यांचे हे प्रमाण कळले नसते.

बनावट वस्तू आणि फसवणूक

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ यांसारखे साल आणि राम दरबार किंवा हनुमान यांची चित्रे असलेले तांब्याचे तुकडे भारतात घरोघरी आढळतात. त्यांना कोट्यवधींची किंमत असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती चलनातील नाणी नसून नंतर बनवलेल्या वस्तू आहेत. ते तांदूळ ओढून घेतात वगैरे कथा फसवणुकीचाच भाग असतात. जुनी नाणी व नोटा विकून देण्यासाठी शुल्क वा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहावे, अशी सूचना भारतीय रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिली होती. अशा व्यवहारांसाठी बँक कोणतेही शुल्क घेत नाही व तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

खरेखोटेपणाबाबत शंका असल्यास वस्तुसंग्रहालयातील नाणे विभाग, पुरातत्त्व खाते किंवा नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांच्याकडे विचारणा करता येते. ओतीव नकलांच्या कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ व पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. हाताने ठोकलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. एकाच घड्यातून निघाल्याचे सांगितलेल्या नाण्यांवर खरचटण्याच्या खुणाही जागच्या जागी जुळत असतील, तर त्यांपैकी निदान एक तरी दुसऱ्याची नक्कल असते.